आईच्या पायाखालचा ब्रेक

वर्गात तिला सगळे ‘पार्सल’ म्हणायचे. शाळा सुटली की बाकीची पोरं खिदळत, एकमेकांच्या दप्तराला लोंबकळत पायी घरी जायची आणि हिला फाटकातून उचलून थेट गाडीत टाकलं जायचं. अहो, घर कुठे, तर चौक ओलांडला की दुसरी गल्ली! पण आई गाडी शिकवायची, आणि तिची संध्याकाळची शिकवणी संपेपर्यंत बारा वर्षांच्या या घोडीनं मागच्या सीटवर बसून राहायचं. घरी एकटी? छे, नाव काढायची सोय नव्हती.

"मला चालत जायचंय," पार्सल रोज म्हणायची.

"पुढच्या वर्षी बघू," आई रोज म्हणायची. हे पुढचं वर्ष काही केल्या उजाडत नव्हतं.

त्या दिवशी शिकायला सलूनवाले काका होते. कात्री धरली की हात असा चालायचा की गिऱ्हाइकाला डुलकी लागावी, पण स्टिअरिंग धरलं की दरदरून घाम. सकाळीच ते लायसन्सच्या परीक्षेत परत नापास झाले होते आणि तोंड एवढंसं करून बसले होते.

"मॅडम, तुमच्या गाडीत कशी झकास थांबते! तिथं मेली थांबलीच नाही. साहेबांनी मांडलेले सगळे डबे आडवे केले."

"सराव कमी पडतोय. चला," आई म्हणाली.

दोन सीटांच्या फटीतून पार्सलला आईचा पाय दिसायचा. शिकवणाऱ्याच्या बाजूला एक जादा ब्रेक असतो, अगदीच गळ्याशी आलं तर दाबायला. आईचा पाय त्यावरून हलायचाच नाही. कुत्रं दिसलं, दाब. वळण आलं, दाब. वाऱ्यानं कागद उडाला, तरी दाब! बिचाऱ्या काकांचा पाय त्यांच्या ब्रेकवर पोचेपर्यंत गाडी थांबलेली असायची.

चौकाच्या अलीकडे गाडी गचकन थांबली आणि बंद पडली. "बघा, थांबली की नाही!" काका खूश.

"तुम्ही नाही थांबवली काका, आईनं थांबवली," पार्सल म्हणाली. "दरवेळी तीच थांबवते. तुमचा पाय ब्रेकवर जातच नाही."

काकांनी खाली वाकून पाहिलं. "मॅडम, तो अडचणीपुरता असतो ना?"

"तिला रोजच अडचण असते."

"गप्प बस!" आई कडाडली. "मी लक्ष ठेवते म्हणून सगळे धड घरी जातात."

"धड जातात आणि नापास होतात!"

बोलून तर गेली. आता थांबणार कशी? "वर्गात मला पार्सल म्हणतात, माहितेय? मला रस्ता ओलांडता येतो की नाही, ते मलाच ठाऊक नाही. तू कधी ओलांडूच दिला नाहीस. मी चालले."

"जाशील कशी? दार उघडणार नाही."

मागच्या दाराला लहान मुलांसाठीचं लॉक होतं, आतून उघडायचं नाही. पण गाडी जुनी, काच हातानं फिरवायची. पार्सलनं काच खाली केली, हात बाहेर घालून बाहेरून दार उघडलं आणि दप्तर घेऊन फुटपाथवर उतरली.

"ए! परत ये म्हणते ना!" आई ओरडली. पण गाडी बंद पडलेली, मागे गाड्यांची रांग, स्टिअरिंगवर काका. तिला जागचं हलता येईना.

चौकात पार्सल दोनदा फुटपाथवरून खाली उतरली आणि परत वर चढली. तिनं दोन्हीकडे बघितलं, एक ट्रक जाऊ दिला, पुन्हा बघितलं आणि रस्ता ओलांडला. मागून हॉर्न वाजत राहिला, तिनं मान वळवली नाही. टायरचं दुकान गेलं, बेकरी गेली. एवढ्याशा रस्त्यासाठी इतकी वर्षं! तिला रडूच यायला लागलं रागानं.

दारात पोचली आणि कपाळाला हात लावला. किल्ली कुठे होती तिच्याकडे? कधी लागलीच नव्हती. बसली पायरीवर.

थोड्या वेळानं गाडी आली. हळू आली, कडेला लागली आणि अलगद थांबली. काका घामानं निथळत होते, पण हसत होते. आणि आई? शेजारच्या सीटवर चपला काढून चक्क मांडी घालून बसली होती, दोन्ही हातांनी सीट घट्ट धरून. चेहरा पांढराफटक.

उतरली ती तणतणतच. "जीव अर्धा झाला माझा!"

"माझापण झाला होता चौकात," पोरगी म्हणाली. "तरी आले." तिनं हात पुढे केला. "किल्ली दे. आणि उद्या मला माझी एक करून दे."

काकांनी उगाच आरसा पुसायला घेतला. पोरीनं हात काही खाली घेतला नाही. शेवटी आईनं पर्समधून किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली.

पोरीनं ती कुलपात घातली, तीही उलटी. आईचा हात पटकन पुढे आला. मग तिनंच तो मागे ओढला आणि पाठीमागे दुसऱ्या हातानं धरून ठेवला.

पोरीनं किल्ली सरळ केली, दार उघडलं आणि बाजूला झाली.

"ये आत," ती आईला म्हणाली.