मुक्ताला हवा असलेला तास

अकरावीचे विषय निवडायचे दिवस आले की आपल्या घरांतून मुलांपेक्षा आईबापांचाच जीव जास्त वरखाली होतो. घर पुण्यात असो नाहीतर जर्मनीतल्या र्युसेल्सहाइममध्ये, त्यात काडीचाही फरक पडत नाही. मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर असलेल्या गुरुदत्तने तर मुलीची सगळी आखणी तिला न विचारताच करून टाकली होती. गणित, भौतिकशास्त्र, आणि रेलिगिओन या ख्रिस्ती धर्माच्या तासाऐवजी एथिक, म्हणजे नीतिशास्त्र. ख्रिस्ती नसलेली बहुतेक मुलं तेच घेतात, शिवाय गुणही बरे पडतात!

शनिवारी जेवताना मुक्ताने विषय काढला. "बाबा, मी एथिक सोडतेय. मला रेलिगिओन घ्यायचंय. आमच्या टीचर हो म्हणाल्या."

गुरुदत्तचा घास हातातच राहिला. "म्हणजे बायबल शिकणार तू? गणपतीला सगळी मराठी मंडळी जमतात, त्यांना काय सांगू? मुलगी चर्चची झाली म्हणून?"

"नुसतं बायबल नसतं, फिलॉसॉफीपण असते."

"काही नको. उद्या म्हणशील, बाप्तिस्मा घेते!"

मुक्ता चिडली की जर्मनवर जायची. चौदा वर्षं पूर्ण झाली की हे आपलं आपण ठरवता येतं, इथला कायदाच तसा आहे, असं तिने तावातावाने सांगितलं. मग मराठीत हळूच म्हणाली, "पण मला तुमचं हो हवंय."

"अहो, का हवंय ते तरी विचारा तिला," गुरुदत्तची बायको नीलिमा म्हणाली.

गुरुदत्तचे वडील राजाभाऊ सुनेशेजारी जेवत होते. मागच्या वर्षी त्यांची पत्नी साधनाताई कॅन्सरने गेल्या, तेव्हापासून ते पुण्यात एकटे होते. मुलाने आग्रहाने उन्हाळ्यापुरतं इथे आणलं होतं.

"गुरू," ते म्हणाले, "तुला मी मिशनच्या शाळेत घातलं. का, तर इंग्रजी सुधारावं म्हणून. रोज सकाळी हात जोडून येशूची प्रार्थना म्हणायचास. बाटलास का?"

"दादा, ते वेगळं. तेव्हा लक्ष देऊन कोण म्हणत होतं?"

"वा रे न्याय! लक्ष न देता म्हटलं तर चालतं, आणि पोरगी लक्ष देऊन शिकली की धर्म बुडतो!" राजाभाऊ नातीकडे वळले. "तुला गं का हवाय तो विषय?"

आजोबांशी मुक्ता शब्द शोधत का होईना, मराठीतच बोलायची. "एकदा एथिकचा तास नव्हता, म्हणून मैत्रिणीबरोबर तिच्या वर्गात बसले. तिथे प्रश्न होता, चांगल्या माणसांना दुःख का होतं? मला आजी आठवली. आजीनं कुणाचंच वाईट केलं नव्हतं, तरी तिला इतकं दुखत होतं. मी बाबांना विचारलेलं. बाबा म्हणाले, असं विचारू नये, फिजिक्स कर."

राजाभाऊंनी डोळे पुसले.

"पोरी, मलाही हाच प्रश्न पडतो. देवापुढे बसलं की जास्तच. पण विचारू कुणाला? तुझा बाप विषयच बदलतो."

गुरुदत्तला चपराक बसल्यासारखं झालं! खरंच होतं ते. व्हिसा, विमा, औषधं, सगळं त्याने वडिलांशी बोलून घेतलं होतं, पण आईचं नाव निघालं की तो उठून जायचा. मुलगी चर्चमध्ये जाईल ही धास्ती त्याला पडली होती, आणि इथे त्याच्याच घरात दोन माणसं एकच दुःख गिळून बसली होती!

"मग त्या वर्गात उत्तर काय मिळालं?" त्याने विचारलं.

"कुणालाच नक्की माहीत नव्हतं. टीचरसुद्धा तसंच म्हणाल्या. पण त्या विचारू देतात, बाबा."

"मलाही माहीत नाही गं." मुलीपुढे हे शब्द त्याच्या तोंडून पहिल्यांदाच निघाले. "घे तो विषय. आणि तिथे जे बोलाल ते आम्हालाही सांगत जा. दादा, आईबद्दल मलाही बोलायचंय."

"बोल की," राजाभाऊ म्हणाले. "शेवटी ती तुझंच नाव घेत होती."

आई गेल्यावर कधी न रडलेला गुरुदत्त त्या टेबलावर लहान मुलासारखा रडला.

मित्रहो, मुलाने दुसऱ्याचा धर्म अभ्यासला म्हणून कुणाचं घर बुडत नाही. पण प्रश्न विचारणाऱ्या मुलाला आपण गप्प बसवलं, की ते आपलं दुःख घेऊन दुसरं दार शोधतं, आणि म्हातारा बापही त्याच घरात एकटा पडतो. तेव्हा उद्या मुलाने काही अवघड विचारलं, तर उत्तर नसलं तरी चालेल, त्याच्याजवळ बसा.