चार तारांचं दावं

साताऱ्याच्या अनीशला बेस गिटार वाजवता येते की नाही, याबद्दल गावात दोन मतं होती. विकता येते, याबद्दल मात्र एकमत होतं. कुठे ऑर्केस्ट्रा बुडाला, कुठे कुणाचा म्हातारा वादक वारला, की हा दुसऱ्या दिवशी दारात हजर. चार जाड तारांची, पोटात घुमणारी ती जुनी बेस घ्यायची, एक हंगाम ऑर्केस्ट्रात वाजवायची आणि मग पुण्याच्या हौशी पोरांना विकायची. पुण्याची पोरं जुन्या मालाला नव्यापेक्षा जास्त मोजायची. हे ऐकून त्याचे वडील गोपाळकृष्णराव एकदा म्हणाले होते, "असं असेल तर आधी मला पुण्याला ने."

१९९४ सालच्या दिवाळीनंतर मात्र अनीशची घाई नडली. पुण्याचा वरद नावाचा पोरगा आला, बेसला कुरवाळत बसला, तर अनीशनं ती तिथल्या तिथे देऊन टाकली. दुसरी हातात नव्हती, आणि शनिवारी सांगलीत कार्यक्रम होता.

ऑर्केस्ट्राचे मालक भाऊसो सांगलीचे. त्यांनी फोनवर शांतपणे सांगितलं, "अनीशराव, शनिवारी खांद्याला बेस दिसली तर स्टेजवर या. न्हाई दिसली तर स्पीकर उचलायला या. की-बोर्डवाल्याचा डावा हात रिकामाच असतोय, त्यो वाजवील बेस. दोघांचं काम करतोय आन् च्या एकच पितोय."

यात गंमत काही नव्हती. त्या वर्षांत जिल्ह्यातले निम्मे बेसवाले की-बोर्डच्या डाव्या हातानं खाल्ले होते. अनीशनं चौकशीचा धडाका लावला, तेव्हा कुणीतरी सांगितलं, कुंडलला नाथाजी म्हणून एक निवृत्त फौजी आहेत, त्यांच्याकडे एक परदेशी बेस आहे.

शनिवारी सकाळी अनीश कुंडलला पोचला. बेस गोठ्यात होती.

"पलटणीचा नाचगान्याचा बँड मोडला," नाथाजी म्हणाले, "तवा लिलावात घ्येतली. साठ-बासष्ट सालची आसंल. हितं म्हशीसाठी टांगलीया."

"म्हशीसाठी?"

"हिचा खालचा सूर लावला की म्हस पान्हा सोडती. ही बग." त्यांनी बेसची वायर एका जुन्या रेडिओला जोडली आणि अंगठ्यानं जाड तार ओढली. ढम्म. गोठ्याचा पत्रा थरथरला. शेजारच्या गोठ्यातून लगेच एक बाई ओरडली, "आवं नाथाजी, धार काडायची येळ झाली का अजून? बादली कुटं हाय माजी!"

"शालूबाई," नाथाजींनी ओळख करून दिली. "तिची म्हस लय हळवी हाय."

नाथाजींच्या गोठ्यात मात्र म्हैस नव्हती. खुंटीला नुसतं दावं लोंबत होतं. म्हैस लेकीला, दीपमालाला, आंदण दिली होती. म्हणूनच बेस विकायला निघाली होती.

"मग दावं इथंच का?" अनीशनं विचारलं.

"जनावर द्यावं, दावं दिऊ न्हाई. दाव्याबरूबर गोठ्याची बरकत जाती."

"छान पद्धत आहे," अनीश म्हणाला आणि विसरला. तिथेच तो चुकला.

दुसरी चूक त्याच्या पाठोपाठ आली. बेसच्या अंगावर ओरखडे होते, रंग उडाला होता, कडेला कुठल्या तरी साहेबाच्या सिगारेटचा डाग होता. पुण्यात अशा डागाला वेगळे पैसे मिळतात. अनीशच्या तोंडून निघून गेलं, "वा! काय सुंदर ओरखडे आहेत!"

नाथाजी सावध झाले. जनावराच्या बाजारात उभा जन्म गेलेला माणूस. गिऱ्हाइकानं खोड काढायची आणि मालकानं ती झाकायची, हा रिवाज. खोडीवर खूश होणारं गिऱ्हाईक त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं.

"ट्रॅक्टरचा लाल रंग शिल्लक हाय," त्यांनी खडा टाकून पाहिला. "दोन हात मारून देतो. नवी कोरी दिसंल."

"नको!" अनीश असा ओरडला की शालूबाईच्या म्हशीनंही उत्तर दिलं.

नाथाजींनी मग खांद्यावरचा टॉवेल काढला, अनीशचा हात त्याखाली घेतला आणि बाजारातल्यासारखा बोटं दाबून भाव सुरू केला. तोंडानं दोघं पावसापाण्याचं बोलत होते. मधेच नाथाजी थांबले आणि त्यांनी अनीशच्या बोटांची टोकं चाचपली. तिथे तारांनी पडलेले घट्टे होते.

"आरं, तू वाजिवतोस व्हय! मला वाटलं भंगारवाला हायस." त्यांनी आपणहून एक बोट सोडलं, म्हणजे तेवढा भाव उतरवला, आणि सौदा ठरला.

इतक्यात घरातून नाथाजींच्या पत्नी चंद्राबाई आल्या. त्यांनी बेसला हळदकुंकू लावलं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, डोळ्याला पदर लावला, आणि मग बसून शांतपणे चारी खुंट्या पिळून चारी तारा उतरवल्या. गुंडाळून खुंटीच्या दाव्याशेजारी टांगल्या.

"मामी, हे काय?"

"दावं."

"अहो, तारा आहेत त्या!"

"मग? तिला बांदलंतं कशानं?"

"तारांशिवाय वाजणार कशी?"

"दाव्याबिगर म्हस तरी कशी जाईल? म्हून घेनारा आपलं दावं घिऊन येतोय. तुमी आनलंय का?"

अनीशनं आणलं नव्हतं. बेसच्या तारा तेव्हा मुंबईहून मागवाव्या लागत, त्यात पंधरवडा जाई. मिरजेत सतारीच्या तारा ढीगभर मिळत, पण त्या बेसला लावणं म्हणजे हत्तीला सुतळीनं बांधणं. संध्याकाळी कार्यक्रम. अनीशला डोळ्यांसमोर स्पीकर दिसू लागले, तेही वजनासकट.

"आणि घेणाऱ्यानं दावं आणलंच नाही, तर?"

"तर आमचा मानूस जनावर त्याच्या दारापतूर पोचिवतो," चंद्राबाई म्हणाल्या, "आन् दारात दावं सोडून माघारी आनतो."

अनीश तसा हुशार पोरगा. "मग पोचवा," तो म्हणाला. "माझं घर साताऱ्याला. फक्त जरा सांगलीवरून जाऊ."

कुंडलहून साताऱ्याला सांगलीवरून जाणं म्हणजे पाठीला खाज सुटली म्हणून पोट खाजवणं. नाथाजींनी तसं बोलून दाखवलं. पण चंद्राबाईंना सांगलीत पातेली घ्यायची होती. तारा पुन्हा चढल्या. तिघंजण एस.टी.त बसले, आणि बेसचं हाफ तिकीट काढावं की लगेज, यावरून कंडक्टर पलूसपर्यंत नाथाजींशी भांडला.

कार्यक्रम एका दूध संस्थेच्या वर्धापनदिनाचा होता. मांडवामागे पंचवीसएक म्हशी बांधलेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी जास्त दुधाची स्पर्धा होती. पहिल्या रांगेत चंद्राबाई नवी पातेली मांडीवर घेऊन, तारांवर नजर ठेवून बसल्या. भाऊसोंनी बेस पाहिली, तिच्यावरचं हळदकुंकू पाहिलं आणि फक्त मान हलवली. तरी की-बोर्डवाल्याला त्यांनी कानात सांगितलं, "डावा हात तयार ठेव."

दोन गाणी झाली. तिसऱ्याला अनीशनं खालचा सूर लावला आणि रंगूबाई नावाची एक मालकीण बादली घेऊन थेट स्टेजवर चढली.

"कोन वाजिवतंय त्ये ढम्म ढम्म? माजी म्हस पान्हावली की! उद्याचं दूद आज सांडतंय! बादल्या पुरंनात!"

गाणं थांबलं. संस्थेचे चेअरमन उठले. मोठा विचारी माणूस. ते म्हणाले, आरोप गंभीर आहे, पण शहानिशा केल्याशिवाय कुठल्याही वादकावर अन्याय होता कामा नये. मग त्यांनी प्रयोग लावला. आधी की-बोर्डवाल्याला डाव्या हातानं तोच सूर वाजवायला सांगितलं. मांडवामागे शांतता. एका म्हशीनं शेपूट हलवलं, पण ते डासासाठी होतं, असं तिच्या मालकानंच कबूल केलं. मग अनीशला सांगितलं. ढम्म. मागून आवाज आला, "आली! माजीबी आली!" आणि अर्धा मांडव बादल्या शोधायला पळाला.

चंद्राबाईंनी बसल्या जागेवरून दोन पातेली पुढे केली.

चेअरमननी निकाल दिला : झालं ते झालं, पण न्याय सगळ्यांना सारखा पाहिजे. स्पर्धा एक दिवस पुढे ढकलावी आणि तेव्हा या गृहस्थांनी प्रत्येक म्हशीजवळ उभं राहून तेवढंच वाजवावं. मानधन वेगळं.

भाऊसोंची छाती इतकी फुगली की ओळखू येईना. ते की-बोर्डवाल्याकडे वळले. "तुज्या डाव्या हातानं एक शेळी तरी पान्हावली का रं? जा, स्पीकर उचल."

स्पर्धा पार पडली. नाथाजी बेस खांद्याला लावून उभे राहिले. "चल गड्या, आता साताऱ्याला. दारात दावं सोडतो आन् मोकळं हुतो."

अनीशनं हिशेब केला. दारात तारा गेल्या, की की-बोर्डवाला परत. त्यानं विचारलं, "मामी, जनावर वाटेतच कुठं वस्तीला राहिलं तर?"

"ऱ्हाऊ दे की. वाटंत दावं लागतंयच. घरी जाईपतूर कोन सोडतंय?"

बेस सांगलीत भाऊसोंच्या खोलीवर वस्तीला राहिली.

पंधरवड्यानं मुंबईहून नव्या तारा आल्या. अनीशनं त्या लावून संस्थेच्या गोठ्यात वाजवून पाहिलं. म्हशींनी रवंथसुद्धा थांबवलं नाही. भाऊसो म्हणाले, "आवाज बरा हाय, पन दूद न्हाई." वर्षानुवर्षं तूप, कोंडा आणि धुरळा प्यालेल्या जुन्या तारा पुन्हा चढल्या. भाऊसोंच्या जाहिरातीत आता गायकाच्या आधी बेसवाल्याचं नाव येतं, आणि निम्म्या सुपाऱ्या पहाटेच्या असतात.

हंगाम संपला तसा पुण्याचा वरद आला. त्यानं सिगारेटचा डाग पाहिला आणि त्याचे डोळे भरून आले. "किंमत तू सांग," तो म्हणाला.

आयुष्यात पहिल्यांदा अनीशला किंमत सांगता येईना. विकायची तर आधी ती त्याची व्हायला हवी. त्याची व्हायची तर घरी न्यायला हवी. घरी नेली, की चंद्राबाई दारात उभ्या.

"विकतो की," तो म्हणाला. "आधी घरी तर पोचू दे."

कुंडलहून दर महिन्याला कंडक्टरकडून निरोप येतो : "पोचलं का?" अनीश उलट निरोप धाडतो : "वाटेत आहे." तो स्वतः दर सोमवारी साताऱ्याला येतो, जेवतो, झोपतो आणि मोकळ्या खांद्यानं सांगलीला जातो. ९४ सरलं, ९५ सरलं, ९६ चालू आहे. गोपाळकृष्णराव लोकांना सांगतात, पोरानं काहीतरी मोठं जनावर घेतलंय, फार हळू चालतं.