पाचव्या बटणापुढचं नाव

पितळेची, आठ बटणांची, डाव्या कोपऱ्यात थोडी चेपलेली अशी मी एक जुनी दारघंटीची पाटी आहे. इटलीच्या दक्षिण टोकाला, समुद्राकाठच्या एका गावात, एका इमारतीच्या दाराशेजारी भिंतीत मी बसले आहे. आठ घरं, आठ बटणं. प्रत्येक बटणापुढे काचेआड कागदाची एक पट्टी आणि पट्टीवर नाव. खालून बटण दाबलं की वर त्या घरात घंटी वाजते, वरचा माणूस भिंतीवरचा फोन उचलून "कोण?" विचारतो, आणि पटलं तर दार उघडतो. मित्रांनो, माझं काम एवढंच. पण एवढ्याशा कामात एका बाईचा जीव अडकला, तेच तुम्हाला सांगायचं आहे.

मला ओतलं एका लहानशा कारखान्यात. ज्या वायरमननं मला भिंतीत बसवलं, त्यानं बाहीनं मला पुसलं आणि म्हणाला, "हिला काही होत नाही, आपण जाऊ." तो गेला. मी आहे. पहिली काही वर्षं माझी चंगळ होती. तळमजल्यावरची म्हातारी दर शनिवारी लिंबू आणि मीठ लावून मला घासायची, आणि येणारे-जाणारे माझ्यात बघून केस सारखे करायचे. ती गेली. तिची मुलगी नुन्झिया दारात खुर्ची टाकून बसते, पण घासत नाही. मग रंगाऱ्यानं माझ्यावर चुना उडवला, एका स्कूटरच्या दांड्यानं कोपरा चेपला, आणि सामान हलवणाऱ्यांनी आपल्या जाहिराती चिकटवल्या.

उभ्या जागी मी माणसं मात्र मोजत आले. बटण कसं दाबलं यावरून माणूस कळतो. पाद्री बोटाच्या पेरानं दाबतो. प्रेमात पडलेला हळूच दाबून मागे सरकतो. आईला भेटायला येणारा मुलगा असा दाबून धरतो, की उशीर जणू आईनंच केला. माझ्यावरच्या नावांतली तीन मेलेल्या माणसांची होती. आमच्याकडे विधवा बाई नवऱ्याचं नाव काढत नाही. तिघींची कारणं मी नोंदून ठेवली आहेत: एकीचा आळस, एकीला चोरांची भीती, आणि एकीचं प्रेम.

प्रेमाची पट्टी पाचव्या बटणापुढे होती. 'लिस्को कोझिमो.' कोझिमो जाऊन एकोणीस वर्षं झाली. वर त्याची बायको आद्दोलोराता राहते, वय अठ्ठ्याऐंशी. तिचा मुलगा ओरोंझो दुसऱ्या शहरात असतो आणि महिन्यातून चार वेळा बटण दाबून धरतो. तिला उठवायला, न्हाऊ घालायला, भरवायला घरात एक बाई राहायची. ही लामारा. काळ्या समुद्रापलीकडच्या जॉर्जियातली, वय चौपन्न. तिकडे रेल्वेत तिकीट तपासनीस होती. इकडे तीन वर्षं चोरून काम केल्यावर त्या वर्षी तिचे कागद पक्के झाले होते.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी लामारा आणि तिची मैत्रीण माक्वाला माझ्यासमोर उभ्या होत्या. गुरुवारची दुपार या बायकांच्या सुट्टीची. वीस वर्षं त्यांच्या दारातल्या गप्पा ऐकून मला त्यांची भाषा कळू लागली आहे.

"छातीतली गाठ केवढी आहे?" माक्वालानं विचारलं.

"अक्रोडाएवढी. दुखत नाही."

"न दुखणारीच वाईट. इस्पितळात जा."

"गेले होते. म्हणाले, रक्त येतं का? नाही. श्वास लागतो? नाही. मग आधी तुमच्या डॉक्टरकडून चिठ्ठी आणा. माझा डॉक्टर कुठून आणू?"

"मग ऐक. डॉक्टर हवा तर सरकारी आरोग्य कार्ड हवं. कार्डाला, तू या गावात राहतेस असा नगरपालिकेचा दाखला हवा. दाखल्याआधी पोलीस येऊन बघून जाणार. आणि पोलीस आधी काय बघतो?" माक्वालानं नखानं मला टिचक्या मारल्या. "हे. इथे नाव नसेल तर तू जन्मालाच आली नाहीस."

"ओरोंझोला कळलं आजारी आहे, तर काढून टाकेल."

"गाठीचं कोण सांगतंय त्याला? तू नाव लाव."

लामारानं वर जाऊन म्हातारीला विचारलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी नुन्झिया म्हणाली, "काय गं, आद्दोलोरातानं नाही म्हटलं म्हणे?"

"बाई म्हणाल्या, कोझिमोच्या पट्टीत दुसऱ्या कुणाचं नाव नको."

"एकोणीस वर्षं झाली त्याला जाऊन. जिवंतपणी तरी कधी घरात सापडायचा?"

"असं बोलू नये," लामारा म्हणाली. "बाईंचं बरोबर आहे. आमच्याकडे जेवायला बसताना पहिला प्याला गेलेल्यांचा असतो. त्यांच्या जागेवर कुणी बसत नाही."

मग तिनं ते केलं, जे तिच्या गावचं माणूसच करील. तिच्या गावी इमारतींच्या दारांवर नुसते आकडे असतात, नावं नसतात. तिला वाटलं, ही पाटी म्हणजे रहिवाशांची यादी. यादीत नाव आलं की झालं. मेलेल्या माणसाला धक्का लागू नये म्हणून तिनं सुवाच्य अक्षरात आपलं नाव लिहिलं आणि सगळ्यात वरच्या, रिकाम्या, आठव्या बटणापुढे सरकवलं. ते घर सहा वर्षं बंद होतं. मित्रांनो, पट्टी आत सरकताना मला सगळं दिसत होतं. पण मला बोलता येत नाही. मी फक्त दुसऱ्यांचं बोलणं पोचवते.

मार्चमध्ये तिनं अर्ज दिला. त्यावर घराचा क्रमांक पाच. त्या दिवसापासून तिनं गुरुवारची सुट्टीही सोडली. त्या काळात पाचचं बटण कुणीही दाबलं, तरी पहिली घंटी संपायच्या आत वर फोन उचलला जायचा. तीन वेळा भाजीवाला होता.

एप्रिलमध्ये लोझितो हवालदार आला. दुपारचा दीड वाजला होता. तो मोबाइलवर बायकोला सांगत होता, "पास्त्याचं पाणी उकळायला ठेव, पाच मिनिटांत आलो." मग त्यानं हातातला कागद बघितला, मला बघितलं, आणि पुटपुटला, "घर पाच. नाव आठवर. असं आहे होय." खोटे पत्ते विकणारे आमच्या गावात आहेत, आणि लोझितोनं त्यातले बरेच पकडले होते. त्यानं आठचं बटण तीनदा दाबलं. मी तीनदा वाजले. वर रिकाम्या घरात कबुतरं उडाली असतील. मग त्याचं बोट पाचवर आलं आणि तिथेच थांबलं. दीड वाजता आमच्या गावात कुणी कुणाची घंटी वाजवत नाही. ती जेवणाची आणि झोपेची वेळ. त्यानं घड्याळ बघितलं, कागदावर दोन शब्द लिहिले आणि गेला. अकरा दिवसांनी पुन्हा आला. पुन्हा दीड वाजता, पुन्हा आठवर. या खेपेला दोनदाच दाबलं.

लामारा त्या दोन्ही दुपारी दोन मजले वर फोनशेजारी बसून होती.

जूनमध्ये ती चौकशी करायला नगरपालिकेत गेली आणि परत येऊन दारात उभी राहिली.

"काय म्हणाले?" नुन्झियानं विचारलं.

"म्हणाले, मी इथे राहत नाही."

"कोण म्हणतो? रोज सकाळी खिडकीत चादर झटकतेस, अर्धी धूळ माझ्या कॉफीत पडते."

"मग तुम्ही सांगा ना त्यांना."

"मला कुणी विचारलं तर ना. विचारलं असतं तर चादरीचा रंगसुद्धा सांगितला असता." मग नुन्झियाची नजर माझ्यावर गेली. "आणि हे काय? आठवर कशाला लावलंस? आठवर कबुतरं राहतात, बाई."

लामारानं बघितलं. ती पायरीवर बसली आणि तिनं नुन्झियाला गाठीचं सांगितलं. आता ती अक्रोडाएवढी राहिली नव्हती. नुन्झिया जन्मात पहिल्यांदा काही टोमणा न मारता उठली आणि जिना चढून वर गेली.

दुसऱ्या दिवशी आद्दोलोराता खाली उतरली. दोन मजले उतरायला तिला वीस मिनिटं लागली. नुन्झिया म्हणाली, "दे, मी लिहिते."

"माझ्या दारावरचं मी लिहीन," म्हातारी म्हणाली. तिनं आठवरची लामाराची पट्टी काढून टाकायला लावली, मग कोझिमोची पट्टी बाहेर काढली, मांडीवर ठेवली आणि त्याच्या नावाखाली लामाराचं नाव लिहिलं. पट्टी परत सरकवताना ती मला, की त्याला, म्हणाली, "कोझिमो, सरक जरा. हिला डॉक्टरकडे जायचंय." मग लामाराकडे वळली. "आणि तू मूर्ख आहेस. मेलेल्यांना जागा कमी लागते."

पुन्हा अर्ज. जुलै गेला. ऑगस्टमध्ये आमच्याकडे कचेऱ्या अर्ध्या ओस पडतात. लोझितोही समुद्रावर होता. सप्टेंबरात त्यानं पाच दाबलं.

"लामारा?"

"हो. मीच."

"आधी कुठे होतात?"

"इथेच."

"बरं," तो म्हणाला. वर गेला आणि चार मिनिटांत खाली आला. चार मिनिटांचं काम होतं.

कार्ड मिळालं. डॉक्टर मिळाला. त्यानं त्याच दिवशी तिला इस्पितळात धाडलं. नुन्झिया दारात शेजारणीला सांगत होती, "डॉक्टरनं विचारलं, फेब्रुवारीपासून होतात कुठे? ती म्हणाली, रांगेत." ऑक्टोबरात शस्त्रक्रिया झाली. ज्या हातानं ती म्हातारीला उचलायची, तो हात आता खांद्याच्या वर जाईना.

नोव्हेंबरात ओरोंझो नवी बाई घेऊन आला. तिला वर पाठवून तो खिशातल्या चाकूनं माझी काच उचकटू लागला.

"काय करतोयस?" नुन्झियानं विचारलं.

"नाव काढतोय. ती आता इथे राहत नाही."

"ती इस्पितळात आहे."

"तेच म्हणतोय. राहत नाही."

"आईला विचारलंस?"

"आईला कशाला त्रास? नाव राहिलं की उद्या घरावर हक्क सांगतात. तुला या लोकांचं माहीत नाही."

"मला तुझं माहीत आहे, ओरोंझो. चड्डीत होतास तेव्हापासून."

एवढं बोलून नुन्झिया आत गेली. तिचा रस्सा शेगडीवर होता. ओरोंझोनं पट्टीचा खालचा अर्धा भाग कापला. वर कोझिमो राहिला. म्हातारीचं जिना उतरणं तोवर बंद झालं होतं, त्यामुळे तिला काही कळलं नाही.

लामारा इस्पितळातून सुटली ती माक्वालाच्या खोलीवर गेली. सहा बायकांची ती भाड्याची खोली. तिथल्या घंटीवर एकीचंही नाव नाही. सगळ्या कागदांवर तिचा पत्ता अजून माझाच होता.

महिनाअखेरीला नवी पोस्टमन बाई आली. हातात इस्पितळाचा लिफाफा होता. आमच्याकडे पत्त्यात घराचा क्रमांक लिहीत नाहीत. रस्ता, इमारत आणि माणसाचं नाव. पुढचं काम माझं. तिनं मला वरपासून खालपर्यंत वाचलं, मग खालपासून वर. नुन्झिया बाजारात गेली होती. बाईनं लिफाफ्यावर 'या पत्त्यावर नाही' असा शिक्का मारला आणि तो पिशवीत परत टाकला. तिचं काहीही चुकलं नव्हतं.

डिसेंबरात माक्वाला तीनदा आली. पट्टीकडे न बघताच पाच दाबून विचारायची, "इस्पितळातून काही पत्र?" नवी बाई खरं तेच सांगायची, "नाही." पुढच्या औषधांची तारीख त्या पत्रात होती. जानेवारीत दोघी स्वतःच इस्पितळात गेल्या, तेव्हा कळलं की पत्र निघालं होतं आणि परत आलं होतं. सहा आठवडे गेले. त्या सहा आठवड्यांनी काय फरक पडला असता, मला सांगता येणार नाही; मी पाटी आहे, डॉक्टर नाही. पण फेब्रुवारी ते सप्टेंबर हे महिने मी एकेक करून मोजले आहेत. ते सगळे माझ्यासमोर उभे होते.

मार्चमध्ये, सकाळच्या वेळी, माक्वाला एकटी आली. तिनं पाच दाबलं. नवी बाई दुकानात गेली असावी, कारण फोन उचलायला फार वेळ लागला.

"कोण?" म्हातारीचा आवाज.

"मी माक्वाला."

"लामारा बरोबर आहे का? किती दिवसांत आली नाही. रागावलीय का माझ्यावर?"

माक्वालानं कपाळ माझ्यावर टेकवलं. मग तिनं सांगितलं. सोमवारी पहाटे गेली. विमानानं घरी नेणार आहेत. शेवटी बाईंची चौकशी करत होती, चादरी कोण झटकतं विचारत होती.

वर फोन खाली ठेवला गेला नाही. खाली माक्वाला हलली नाही. बराच वेळ कुणीच बोललं नाही, आणि ते न बोलणंही मी खालून वर आणि वरून खाली पोचवत राहिले. मित्रांनो, इतक्या वर्षांत एवढा साफ निरोप मी क्वचितच पोचवला असेल.

आता कुणी मला घासत नाही, त्याचं मला वाईट वाटत नाही. चुना राहू द्या, चेपलेला कोपरा राहू द्या. मागणं एकच आहे. तुमच्या घरात दूरवरून आलेलं कुणी राबत असेल, तुमच्याच छताखाली झोपत असेल, तर पहिल्याच दिवशी त्याचं नाव दारावर लावा, आणि बरोबर बटणापुढे लावा. आणि कुणाचं नाव काढायची वेळ आली, तर हातात चाकू घेण्याआधी त्याला एकदा विचारा, की बाबा, तुझी पत्रं आता कुठे पाठवू?