वाटाणे आणि आकाशतोफा

माझा दादा स्वतःला सेनापती म्हणवून घेतो. हे नाव त्याला पोरांनी दिलेलं नाही बरं का, त्याचं त्यानेच घेतलंय, आणि आता अख्खी शाळा तेच वापरते. मग मी कोण? सेनापतीची बहीण. पाचवीपासून.

आंतरशालेय गेम स्पर्धेला शाळेतून एकच जण जाणार होता. गेल्या वर्षी दादा गेला आणि पहिल्याच फेरीत तोंडावर आपटून आला. घरी सांगितलं, माऊस खराब होता. आई अजून त्या माऊसला शिव्या देते. या वर्षी मीही नाव दिलं, तेव्हा तो जेवता जेवता म्हणाला, "आई, हिला सांग, उगाच हसं होईल."

"कोणाचं?" मी विचारलं.

"घराण्याचं."

घराणं म्हणे! दोन खोल्या, एक गॅलरी आणि हा.

निवड शुक्रवारी, मधल्या सुट्टीनंतर. लॅबच्या सरांनी आम्हाला शेजारी शेजारी बसवलं आणि दोघांना महायुद्धाचा एकच नवा नकाशा दिला. शत्रूच्या तुकड्या लाटांसारख्या एकामागून एक येणार, आपण बुरूज उभारून मधला किल्ला वाचवायचा. लाटा तीस. ज्याचा किल्ला जास्त टिकेल तो स्पर्धेला.

गेम सुरू होताना पानभर मजकूर येतो. दादा तो कधीच वाचत नाही, कारण त्याला महायुद्ध पाठ आहे. खरंच आहे. कुठल्या विमानाला किती इंजिनं, झोपेतून उठवून विचारा. त्याने खाडकन बटण दाबून पान उडवलं. मी वाचलं. मी शाम्पूच्या बाटलीमागचंही वाचते. लिहिलं होतं, या जगात विमानाचा शोध लागलाच नाही. माणसांनी सगळी अक्कल जमीन पोखरण्यात घातली आणि महायुद्ध भुयारांतून लढलं.

मी शेजारी पाहिलं. सेनापतींनी होतं नव्हतं ते लोखंड आकाशतोफांवर उधळलं होतं. नकाशाभर लांबलचक नळ्या, तोंडं वर, दातांच्या डॉक्टरकडे आ वासून बसल्यासारख्या.

मी घेतले ढोल. यादीत सगळ्यात खाली, सगळ्यात स्वस्त. ढोलावर मूठभर वाटाणे ठेवलेले असतात. खाली कोणी खणायला लागलं की ते उडतात, मग तिथे सुरुंग पेरायचा.

दादाने माझ्या स्क्रीनकडे पाहिलं आणि खो खो हसत सुटला. "वाटाणे! सर, हिला किल्ला नको, स्वयंपाकघर हवंय!"

मागे उभी असलेली त्याची फौज, म्हणजे दहावीतली चार टाळकी, हसली. सरही हसले. मी लक्षात ठेवलंय.

सहाव्या लाटेला दोन फुगे आले, नुसते टेहळणीचे.

"बघ! झाली सुरुवात!" दादा ओरडला. "आता मागून बॉम्बर येणार." दहा तोफांनी दोन फुगे फोडून त्याने वर आणखी चार तोफा उभ्या केल्या.

सांगावं का याला? एक क्षण वाटलं. मग घराणं आठवलं. मी आणखी एक ढोल मांडला.

अकराव्या लाटेला माझे वाटाणे नाचायला लागले. आधी एका कोपऱ्यात, मग दुसऱ्या. मी सुरुंग पेरत सुटले. दादा मात्र खुर्चीत रेलून आभाळाकडे डोळे लावून बसला होता. तेवढ्यात त्याच्या किल्ल्याच्या अंगणातच भोक पडलं.

"अरे! हे कुठून आले?"

"खालून," मी म्हणाले.

चौदा तोफा, आणि एकीलाही मान खाली घालता येईना. अगदी धन्यासारख्या. किल्ला बसला.

"सर, गेम चुकीचा आहे! महायुद्धात विमानं होती!"

"त्यात होती रे," सर म्हणाले. "या महायुद्धात नव्हती. पहिल्या पानावर लिहिलंय ना."

टाळकी हळूच माझ्या खुर्चीमागे सरकली. निष्ठा असावी तर अशी! मी तीस काही गाठल्या नाहीत, सत्ताविसाव्या लाटेला पडले. पण सरांनी वही उघडली.

"सेनापतीची बहीण ना तू?" ते लिहायला लागले.

"नाही सर," मी म्हणाले, आणि माझं नाव सांगितलं. आडनावासकट. त्यांनी लिहून होईपर्यंत मी तिथून हलले नाही.

घरी दादाने सांगितलं, कीबोर्ड अडकत होता. आता आई माऊस आणि कीबोर्ड, दोघांना शिव्या देते.

काल मात्र सेनापती गुपचूप तो गेम उघडून पहिलं पान वाचत बसले होते. नऊ ओळी आहेत. चौथ्या ओळीवर मान वर करून मला म्हणाले, "बरं, पण मग विमानं कितव्या लाटेला येतात?"