कंपायलर मला वाचत नाही

मी, एक ओळ, बोलतेय. सी नावाच्या संगणकी भाषेतल्या एका फाईलीतली अगदी पहिली. सीमधला प्रोग्रॅम नुसता लिहून भागत नाही, कंपायलर नावाच्या दुसऱ्या प्रोग्रॅमकडून तो बांधून घ्यावा लागतो, तेव्हा कुठे तो चालतो. कोणत्या हुकुमाने बांधायचा, तो हुकूम म्हणजे मी. आणि गंमत बघा, मला शेरा म्हणून लिहिलंय, त्यामुळे कंपायलर माझ्याकडे ढुंकूनही बघत नाही! मी आहे ती माणसांसाठी.

मला बाबांनी लिहिलं. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, गॅसवर दूध ठेवून बातम्या ऐकत बसणारे. घशाच्या ऑपरेशनात आईंचा आवाज गेला, तेव्हा त्यांनी हा प्रोग्रॅम केला. आईंनी टाइप करायचं आणि संगणकानं बोलायचं. पहिल्या दिवशी तो आवाज ऐकून आईंनी टाइप केलं, "ही कोण बया?" मग दोन महिने बाबा, आवाज कसा हवा ते सांगणारे माझ्यातले आकडे बदलत बसले. एक बोलण्याच्या गतीचा, एक आवाजाच्या पट्टीचा. शेवटी एकदाची आईंनी मान डोलावली.

"वेगळ्या कागदावर लिहिले तर मी तो हरवून बसेन," बाबा म्हणाले. म्हणून आकडे माझ्यातच राहिले.

मागच्या वर्षी बाबा गेले. यंदा तो जुना संगणकही बंद पडला आणि आईंची वाचा पुन्हा गेली. पेनड्राइव्हवर ही एवढी फाईल उरली होती. आई वहीत लिहून दाखवायच्या, पण लेक ओट्यापाशी पाठमोरी उभी असली की वही दाखवायची कुणाला?

लेकीनं आपल्या नणंदेला बोलावलं. ती सॉफ्टवेअर कंपनीत, कामाला वाघ. नवा लॅपटॉप घेऊन बसली आणि फाईल उघडल्या उघडल्या म्हणाली, "वहिनी, आधी हा जुना कचरा काढते हं. ऑफिसात आम्ही असले हुकूम फाईलीत ठेवतच नाही."

आणि तिनं मला पुसलं! इतकी वर्षं इमानानं पहिल्या जागी उभी होते मी. फार लागलं मनाला.

तिनं स्वतःच्या, आकडे नसलेल्या हुकुमानं प्रोग्रॅम बांधला. आईंनी उत्साहानं टाइप केलं, तर कुणीतरी किरट्या आवाजात भराभरा काहीतरी बोललं. आईंनी लॅपटॉप मिटला. वहीत लिहिलं, "राहू दे."

लेकीनं लॅपटॉप पुन्हा उघडला.

"तू मघाशी वरचं काय पुसलंस गं?" लेकीनं विचारलं.

"काही नाही, नुसता शेरा होता."

"बाबांनी लिहिलेला ना? परत आण."

नणंदेनं मला परत आणलं, वाचलं आणि आकड्यांपाशी थबकली. "अगं बाई! काकू, हे सगळं काकांनी इथंच लिहून ठेवलंय!" तिनं मला जशीच्या तशी उचलून चालवलं.

आईंनी सावकाश टाइप केलं. संथ, जराशा भरड आवाजात लॅपटॉप बोलला, "अकरा दिवस झाले, भाजीत मीठ कमी घालतेयस. माझं ऐकतंय कोण?"

लेक हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. "रागव आई, हवं तेवढं रागव."

नणंद निघाली ती पुन्हा वळली, फाईल उघडली आणि माझ्याखाली एक नवी ओळ लिहून गेली: "वरची ओळ पुसू नये. काकूंचा आवाज तिच्यात आहे."