आत घेतलेली कंबर

डॉक्टरांनी प्रश्न यांना विचारायचा आणि उत्तर मी द्यायचं, अशी आमच्याकडे पद्धत. कारण यांना विचारलं की सगळं छानच असतं. गिऱ्हाइकाचं पोट सुटलं तरी "कापड आटलंय" म्हणणारा माणूस!

हृदयाची बंद नळी उघडायची होती, त्या सकाळी डॉक्टरांनी विचारलं, "वजन घटलंय का? कपडे सैल होतायत?"

"छे हो!" मी म्हणाले. "पँट बघा की, कशी अंगाबरोबर बसलीय."

नवरा शिंपी आहे, पँट बसणारच, हे काही तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. नळ्या दिसाव्यात म्हणून रक्तात औषध सोडतात, ते किडनीवाटे बाहेर पडतं, माणूस कुपोषित असेल तर किडनीला इजा व्हायची भीती जास्त, असं डॉक्टर समजावत होते. कुपोषित? माझ्या हातचं जेवणारा माणूस? मला रागच आला.

यांना आत नेताना सिस्टरांनी कपडे माझ्या मांडीवर ठेवले. घडी घालायला पँट उलटी केली, तर कमरेच्या मागच्या शिवणीच्या आत दुसरी शिवण, तिच्याही आत तिसरी. दुमडलेलं कापड माझ्या मुठीत मावेना. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मी तशीच आत घुसले. "अहो, हे काय?"

"पोट हलकं ठेवलं की हृदयावर भार पडत नाही, म्हणून जेवण कमी केलं," हे खाली बघत म्हणाले. "तू रागावशील म्हणून कंबर आत घेत गेलो."

"आणि मी रोज दुकानात देते तो डबा?"

"शेजारचा घड्याळवाला खातो. तुझ्या हाताला चव आहे म्हणतो."

अंगाचा तिळपापड झाला, पण भांडायला वेळ नव्हता. पँट घेऊन डॉक्टरांकडे धावले आणि माझंच उत्तर चुकलं म्हणून सांगितलं. त्यांनी शिवणी पाहिल्या. "आजचं वजन आम्ही केलं, पण आधी किती होतं ते कोण सांगणार?" म्हणाले आणि रक्त तपासायला पाठवलं. त्यातलं प्रोटीन फारच कमी निघालं. "दुखणं सध्या आटोक्यात आहे, काही आठवडे थांबता येईल. आधी यांना खायला घाला."

मग मी दुकानातच ठाण मांडलं. अंडी, दूध, मासे, जे डॉक्टरांनी सांगितलं ते, आणि शेवटचा घास पोटात जाईपर्यंत मशीनला हात लावू दिला नाही. घड्याळवाला बिचारा वाळला.

नळी उघडली ती बेताचं औषध वापरून. हृदय ठीक होतं, पण किडनीचा रिपोर्ट यायला अजून दोन दिवस होते. त्या दोन दिवसांत माझ्या तोंडचं पाणी पळालं. आता किडनी बसली तर हा माणूस जन्मभर डायलिसिसच्या मशीनला बांधला जाईल, आणि हा वाळत असताना मी नुसतं "छे हो!" म्हणाले होते.

सिस्टर कागद घेऊन आल्या. "काकू, किडनीला काही झालेलं नाही. उद्या घरी जा."

माझा जीव भांड्यात पडला. मी यांच्या पलंगावरच बसले.

हे हळूच म्हणाले, "अगं, भूक लागलीय. काही आहे का?"

इतक्या वर्षांच्या संसारात यांनी असं मागून कधी खाल्लं नव्हतं. डोळे पुसत मी डब्यातलं उकडलेलं अंडं सोलायला घेतलं.