म्यानातलं लाकूड

“पोरगी कामाला बरी आहे. मोठा परत येईपर्यंत घर धरून ठेवील. आपल्याला तेवढंच हवंय.”

हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं, आणि जिच्याबद्दल होतं तिच्यासाठी तर मुळीच नव्हतं. चिसेबाई आपल्या बहिणीला चहा ओतता ओतता बोलल्या. सरकतं दार बोटभर उघडं राहिलं होतं. दाराआड त्यांची नवी सून तामाए हातात ताट घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं. मग आवाज न करता चार पावलं मागे गेली, आणि पाय वाजवत पुन्हा आली, जणू आत्ताच येतेय. सासरी येऊन आठवडाही झाला नव्हता, पण सासरी कुठे कसं चालायचं ते तिला कळलं होतं.

मी हे कोनाड्यातून पाहिलं. मी त्सुनागी बोलतेय. हे नाव ऐकलं नसेल तर ओशाळू नका, माझं नाव कुणी मुद्दाम घेत नाही. मी लाकडी पातं आहे. खरी तलवार जवळ नसते तेव्हा तिच्या म्यानात मी राहते. नावाचा अर्थच ‘जोडून धरणारी’. त्यामुळे चिसेबाईंचं ते बोलणं ऐकून मला वाटलं, चला, आपल्याच जातीचं आणखी एक माणूस घरात आलं.

माझा जन्म चाफ्याच्या कुळातल्या एका झाडापासून. हे लाकूड मऊ, पोलादाला न बोचणारं. कारागिरानं खऱ्या तलवारीला शेजारी निजवलं आणि तिच्याकडे बघत बघत मला तासलं. मी तिला थोरली म्हणते. तिची लांबी ती माझी लांबी, तिचा वाक तो माझा वाक. धार तेवढी दिली नाही.

तलवारीला दोन पोशाख असतात. एक मिरवायचा: काळं चकचकीत म्यान, रेशमी फितीनं गुंफलेली मूठ, मध्ये नक्षीची लोखंडी चकती. दुसरा निजायचा: रंग न दिलेलं साधं लाकडी म्यान. मिरवायच्या कपड्यांत पोलाद गुदमरतं, म्हणून थोरली घरात निजायच्या कपड्यांतच असायची. मग रिकाम्या पोशाखाचे भाग सैल होऊ नयेत म्हणून त्यात मला घालायचे, बांबूची बारीक खुंटी ठोकायचे, आणि कोनाड्यात मांडायचे. येणारे-जाणारे वाकून बघत आणि म्हणत, “वा! काय तलवार आहे!”

मी गप्प बसे. दुसरं काय करणार?

हागी गावात नावाता घराण्याचं घर समुद्राला लागून. पूर्वज दरबारी चाकरीतले. आता मातीच्या भिंतीआड उन्हाळी संत्र्यांची झाडं, आणि त्या झाडांइतकाच ताठ म्हातारा, चिसेबाईंचा नवरा मुनेयासू. त्यांना दोन मुलगे. मोठा कियोताका लढाईवर मांचुरियात गेला. धाकटा शुन्जी डोळ्यांनी अधू, जाड चष्म्याचा, म्हणून सैन्यानं घेतला नाही. तो शाळेत मास्तर झाला.

लढाई हरल्यावर हुकूम निघाला: घराघरातल्या तलवारी चौकीवर आणून द्या. मुनेयासूंनी दोन साध्या तलवारी नेऊन दिल्या. थोरलीला मात्र तेलकागदात गुंडाळलं, लोणच्याच्या मोठ्या उंच बरणीत उभं केलं, झाकणाला मेण लावलं, आणि शुन्जीकडून संत्र्याच्या झाडाखाली पुरून घेतलं.

“कियोताका आला की तो स्वतः काढील,” ते म्हणाले. “तोवर त्या मातीला कुणी हात लावायचा नाही. तूसुद्धा.”

मागाहून एक शिपाई घर तपासायला आला. त्यानं मला कोनाड्यातून उचललं, अर्धं उपसलं, आणि हसत सुटला. “काका, हिनं मुळा तरी चिरला जाईल का?” माझ्या आयुष्यातली लढाई ती एवढीच.

कियोताकाची काही खबर आली नाही. तिकडून सुटलेल्यांची जहाजं येत होती. त्यांत तो नव्हता, आणि त्याला पाहिलेलं कुणी नव्हतं. त्याच्याबरोबर गेलेल्यांच्या घरांनी एकेक करून थडग्याचे दगड उभारले, नावं कोरली. मुनेयासूंनी नाही. त्यांच्या मनात कधीतरी एक गाठ बसली होती: थोरली शाबूत आहे ना, मग तो शाबूत आहे. ही गाठ सगळ्या घरानं मान्य केली होती. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात. आमच्या म्यानात एकही नव्हती, आणि अख्खं घर तिच्याभोवती फिरत होतं.

शुन्जीची बायको होऊन तामाए आली ती ह्या घरात. बापाचा धंदा माशाच्या वड्या करण्याचा. लग्नात चिसेबाईंच्या बहिणीनं, म्हणजे मावशींनी, नाकाला रुमाल लावला होता. सर्दी झालीय म्हणाल्या.

नव्या सुनेचं पहिलं काम, कियोताकाचं ताट. परगावी गेलेल्या माणसाचं पान घरात रोज वाढलं की तो उपाशी राहत नाही, अशी आमच्याकडची समजूत. ते ताट माझ्यापुढे, कोनाड्याजवळच्या मानाच्या गादीसमोर मांडायचं. गादीवर कुणी बसायचं नाही. शुन्जी खाली, स्वयंपाकघराच्या दाराशी जेवायचा. लग्न झालं तरी त्याची जागा तीच. मग सुपाच्या वाटीचं झाकण उचलून बघायचं. आतून थेंब जमले असतील तर माणूस जिवंत.

“थेंब आहेत?” मुनेयासू रोज विचारायचे.

“आहेत, मामंजी.”

सूप उकळतं वाढलं की थेंब जमतातच. तामाए ते उकळतंच वाढायची.

दुपारी शिकवणी असे. “उद्या कियोताका आला आणि सुनेला तलवारीचे शब्द येईनात, तर नाचक्की कुणाची?” असं म्हणून मुनेयासू तिला समोर बसवायचे. थोरली जमिनीखाली, म्हणून नमुना मी. पातं उपसताना श्वासाची वाफ पोलादाला लागू नये, यासाठी दातांत कागदाची घडी धरतात. मला उपसतानाही ते धरायचे. मग घडी काढून विचारायचे.

“हे काय?”

“सोरी. पात्याचा वाक.”

“आणि वाक म्यानाशी जुळला नाही तर?”

“तर दोघांचं पटत नाही.”

“ते माणसांबद्दल म्हणतात. तलवारीचं सांग.”

“अडकते, मामंजी.”

“हं. मुठीच्या आत असतो तो भाग?”

“नाकागो. त्यावर घडवणाऱ्याचं नाव.”

“तुझ्या माहेरी हे शब्द नसतील.”

“आमच्याकडे नुसतं ‘सुरी’ म्हणतात. आणि ‘बोट सांभाळ’.”

म्हातारा हसला. त्या घरात त्याला हसताना मी फार वेळा पाहिलेलं नाही. मग माझ्या न दिलेल्या धारेवरून बोट फिरवत तो म्हणाला, “आणि हा हामोन. पोलादाला पाणी देताना उठते ती रेघ. थोरलीची कशी आहे, सकाळच्या खाडीत वारा नसताना बारीक लाट येते ना, तशी. दिसतेय?”

माझ्या अंगावर लाकडाच्या शिरांखेरीज काही नव्हतं. तामाए वाकून बघत राहिली.

“दिसतेय, मामंजी.”

“समुद्रापलीकडे, मांचुरियात, तलवारीचं अक्षर तेच काढतात. म्हणतात मात्र ‘दाव’. दुधारी असली तर ‘ज्यान’.” त्यांनी मला पुन्हा म्यानात घातलं. “कियोताका आता ‘दाव’च म्हणत असेल. माणसाच्या जिभेला सवय लागते.”

तामाएनं हळूच ‘दाव’ म्हणून पाहिलं. पुढे तिला सगळं तोंडपाठ झालं. घरात नसलेल्या वस्तूच्या प्रत्येक भागाचं नाव तिला येत होतं.

वर्ष सरताना घर झाडायची वेळ आली. सासू-सासरे देवळात गेले होते. तामाए मला ठेवायची लाकडी घोडी पुसत होती, शुन्जी चटया उचलून उन्हात टाकत होता.

“एवढे शब्द शिकले,” ती म्हणाली, “एकदा थोरली बघायला मिळाली तर बरं. नाहीतर मला वाटतं, मी पोपटच आहे.”

शुन्जीनं चटई खाली ठेवली. “बघण्यासारखं काही नाही.”

“म्हणजे?”

“पुरण्याच्या दुसऱ्याच वर्षी अंगणात पाणी भरलं होतं. मला राहवेना. बाबा घरी नव्हते. बरणी काढली, तर मेण फुटलेलं आणि आत पाणी. तिचं निजायचं म्यान फुगून उकललं होतं. पात्याला हात लावला तर पापुद्रे सुटून हातात आले. नाकागोवरचं नावसुद्धा खाल्लं गंजानं.”

“आणि तुम्ही बोलला नाहीत?”

“काय बोलू? दादा मेला म्हणू?” त्यानं चष्मा काढून सदऱ्याला पुसला. “मी परत पुरली. वरची माती तशीच दाबली. कुणाला कळलं नाही.”

माझी घोडी एकदा पुसून झाली होती, ती तामाएनं पुन्हा पुसली. दुसऱ्या दिवशी सूप नेहमीसारखंच उकळतं वाढलं. पण झाकण उचलताना ती आता त्यात बघायची नाही.

त्या हिवाळ्यात मुनेयासूंना खोकल्यानं धरलं. वसंतात बातमी आली की सरकार जुन्या तलवारींना पुन्हा मान्यता देणार, परीक्षक गावात येणार. लपवलेली आणून दाखवली तरी शिक्षा नाही. म्हातारा अंथरुणातून उठून बसला.

“मी काही फार दिवस नाही. कियोताका येईल तेव्हा तलवार कोनाड्यात हवी, मातीत नको.” मग धाकट्याकडे वळून म्हणाले, “शुन्जी, तू उकर. कियोताकाचे हात म्हणून.”

शुन्जी “बरं” म्हणाला.

दिवस ठरला. संत्री फुलली होती, वासानं डोकं जड होत होतं. मुनेयासू घराण्याची चिन्हं असलेला अंगरखा घालून ओटीवर बसले. चिसेबाई बसल्या, मावशी आल्या. थोरली आज मिरवायच्या पोशाखात यायची, म्हणून खुंटी काढून मला चटईवर ठेवलं. माझ्याशिवाय म्यान, मूठ, चकती शेजारी सुटी पडली होती.

शुन्जी झाडाखाली फावडं घेऊन उभा होता. बराच वेळ नुसता उभा.

“काय रे, फावडं जड झालं का?” मावशी म्हणाल्या. “मास्तरकी करून हात खडूचे झाले.”

“मोठा असता तर एव्हाना काढून, पुसून आणली असती,” चिसेबाई म्हणाल्या.

शुन्जीनं फावडं मातीला टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं.

तेव्हा तामाए आतून कियोताकाचं ताट घेऊन आली, आणि बोलली. ती काय बोलली ते शेवटी सांगते. आधी पुढचं सांगून टाकते, म्हणजे कुणी आशा लावून बसायला नको.

मुनेयासू अनवाणी अंगणात उतरले. शुन्जीच्या हातातलं फावडं घेतलं आणि स्वतः खणलं. खोकला आला की थांबत, पुन्हा खणत. बरणी निघाली. आत हात घातला, बाहेर काढला, हाताकडे पाहिलं. तो हात अंगरख्याला पुसला. मग ओटीवर परत आले, कागदाची घडी दातांत धरली, आणि मला उचललं. पोलादावर लावतात ती भुकटी माझ्या लाकडावर टोकापासून मुठीपर्यंत लावली, मऊ कागदानं पुसली, वर लवंगेचं तेल चोळलं. हळुवार, एकही जागा न सोडता. म्यानात घातलं. खुंटी ठोकली. कोनाड्यात ठेवलं.

शुन्जी झाडाखालीच उभा होता. त्याला कुणी आत ये म्हटलं नाही.

दुसऱ्या सकाळी मुनेयासूंनी विचारलं, “थेंब आहेत?”

“आहेत, मामंजी,” तामाए म्हणाली. आणखी काय म्हणणार?

त्या दिवसापासून त्या घरात मी थोरली झाले. मला विचाराल तर, ह्यापेक्षा मोठी शिक्षा लाकडाला नाही. शब्दांची शिकवणी बंद झाली. संत्री पिकायच्या आत म्हातारा गेला, तोंड कोनाड्याकडे करून. क्रियाकर्म शुन्जीनं केलं. चिसेबाईंनी भटजींना सांगितलं की हे मोठ्याच्या वतीनं आहे.

पुढे चिसेबाईही गेल्या, घर गेलं. जुन्या वस्तूंचा व्यापारी आला. चकती एकानं नेली, मूठ दुसऱ्यानं, म्यान कुठे गेलं मला माहीत नाही. मला त्यानं हातात घेऊन उलटसुलट केलं आणि खाली ठेवलं. माझ्यात घेण्यासारखं काय होतं? आता मी शुन्जीच्या भाड्याच्या घरात माळ्यावर आहे, छत्र्यांशेजारी. लवंगेचा वास केव्हाच उडाला. धरून ठेवायला काही उरलेलं नाही, आणि त्याखेरीज दुसरं काम मला येत नाही. मला खाली काढा, पुसा, असं मी म्हणणार नाही. एक दिवस कुणीतरी चुलीत घालील. लाकूड कोरडं आहे, लवकर पेटेल.

राहिलं तामाएचं बोलणं. मावशींनी ते गावभर वेगळंच सांगितलं: मासेवाल्याच्या पोरीनं मोठ्या दिराला तिन्हीसांजेला मारून टाकलं म्हणून. सांज नव्हती, सकाळ होती. मी तिच्या पायाशी चटईवर पडले होते, मला नीट ऐकू आलं. तिनं आवाज चढवला नाही. ताट खाली ठेवलं, गुडघे टेकून बसली, हात मांडीवर ठेवले आणि म्हणाली,

“मामंजी, त्या मातीत काही उरलेलं नाही. यांनी कधीच पाहिलंय, आणि तुम्हाला कळू नये म्हणून इतकी वर्षं एकट्यानं गिळून बसलेत. भाऊजींचं ताट मी वाढत राहीन, तुम्ही म्हणाल तोवर. पण तुमचा एक मुलगा जिवंत आहे, मामंजी. ते बघा, झाडाखाली उभे आहेत. त्यांना हाक मारा.”